ईसीजी नॉर्मल, तरी एसटीत जीव घाबरा होतो: सीबीटी म्हणजे काय आणि आपल्याकडं कोणाकडं जावं?

परभणीच्या एका प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: वय ३६. शाळा जिंतूरच्या अलीकडं, रोजचं एसटीनं अप-डाऊन. गेल्या वर्षी शाळेतले एक सहकारी ४१व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. त्यानंतर महिन्याभरात एका सकाळी झरी गाव सोडल्यावर बसमध्ये एकदम छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, घाम, श्वास पुरेना. 'संपलो आता' असं वाटलं. लोकांनी दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल. पुढं सहा-सात वेळा तेच. टूडी इको, टीएमटी या हृदयाच्या तपासण्या, थायरॉईड, सगळं झालं, सगळं नॉर्मल. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांनी 'पॅनिक डिसऑर्डर', म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचा आजार, असं सांगून गोळी सुरू केली आणि चिठ्ठीवर खाली 'सीबीटी' असं लिहिलं. आता बस बंद आहे. मोटारसायकलवर जातात, तेही मागं कोणी बसलं तरच. मंडळी, म्हणजे बायको, म्हणतात मन खंबीर ठेवा, आई म्हणते बाहेरचं बघून घे. सरांचे प्रश्न तीन. सीबीटी म्हणजे समुपदेशनच ना? मराठवाड्यात ती मराठीतून कोण देतं आणि माणूस बरोबर आहे हे कसं ओळखायचं? बायकोला सोबत न्यावं का?

सर, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. सतरा वर्षं झाली, आधी नांदेड, आता लातूर. तुमची गोष्ट वाचताना एकही ओळ नवी वाटली नाही, हे तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही. तुमच्यासारखे लोक माझ्याकडं येतात तेव्हा हातात रिपोर्टची जाड फाईल असते आणि चेहऱ्यावर अपराध्यासारखा भाव असतो, की सगळं नॉर्मल आहे म्हणजे मी नाटक करतोय की काय. नाटक नाही. धडधड खरी, मुंग्या खऱ्या, घामही खरा. चुकतंय ते फक्त त्या धडधडीचा तुम्ही लावलेला अर्थ. सीबीटीचं सगळं काम त्या अर्थावर चालतं.

समुपदेशन आणि सीबीटी एकच का, तर नाही. समुपदेशन हा मोठा शब्द आहे, त्यात दहावीच्या पोराला कोणती शाखा घ्यावी इथपासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सगळं येतं. आपल्याकडं त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'चार समजुतीच्या गोष्टी सांगणे' असा होतो. तुम्ही स्वतः शिक्षक आहात, पालकांना वर्षानुवर्षं तेच करत आला असाल. सीबीटीत समजूत घालत नाहीत. तिथं तुमच्या मनानं केलेलं भाकीत कागदावर लिहितात, मग ते खरं ठरतं का हे प्रत्यक्ष करून बघतात. एवढंच. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, पुस्तकात तिला संज्ञानात्मक वर्तन उपचार म्हणतात, पण ते नाव घेऊन कोणाला विचारायला गेलात तर समोरचा गोंधळेल. सीबीटीच म्हणा.

ही पद्धत आली कुठून, हे थोडक्यात. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरोन बेक १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की या लोकांच्या डोक्यात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या आयुष्याबद्दल वाईटसाईट विचारांचा एक झरा आपोआप वाहत असतो आणि त्या विचारांना कोणी कधी 'खरं कशावरून?' असं विचारतच नाही. त्याच्या थोडं आधी, १९५५च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस जवळपास त्याच वाटेनं निघाले होते. त्यांची शाखा मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखीची आहे, कारण मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती इथं रुजवली. तुमच्या आजाराशी थेट संबंध आहे तो ब्रिटनच्या डेव्हिड क्लार्क यांचा. पॅनिक अटॅक म्हणजे शरीराच्या साध्या संवेदनांचा भयंकर अर्थ लावल्यानं तयार होणारं चक्र आहे, ही मांडणी त्यांनी १९८६ मध्ये केली.

ते चक्र तुमच्या बसमध्ये बसवून बघू. सकाळची घाई, रिकाम्या पोटी चहा, गर्दी, उकाडा. काळीज थोडं जोरात धडधडलं. एरवी तुमचं लक्षही गेलं नसतं. पण महिन्यापूर्वी तुम्ही सहकाऱ्याला खांदा दिलेला. मन म्हणालं, 'त्यालाही असंच झालं असेल.' हा विचार आल्याबरोबर शरीरानं धोक्याची घंटा वाजवली, अॅड्रेनलिन सुटलं, काळीज आणखी पळालं, श्वास भराभर सुरू झाला. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. तुम्ही म्हणालात, 'बघा, हात बधिर झाला.' घंटा आणखी मोठी. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण ज्यानं केली त्याला पॅनिक अटॅकची चांगली माहिती असावी.

आणि एक गोष्ट, जी मी पहिल्याच बैठकीत सांगते. 'चक्कर येऊन पडलो तर?' ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. माणूस भोवळ येऊन पडतो तेव्हा साधारणपणे रक्तदाब खाली आलेला असतो. भीतीत तो वर जातो. म्हणून पॅनिकमध्ये डोकं गरगरतं, पण माणूस सहसा पडत नाही. तुम्ही सहा-सात वेळा 'पडणार' होतात. पडलात किती वेळा?

आता तुम्ही म्हणाल, हे समजलं, मग संपलं की. नाही संपत. समजून बरं होत असतं तर तुमची फाईल दुसऱ्या ईसीजीलाच बंद झाली असती. डोक्याला पटतं, छातीला पटत नाही. छातीला पटवायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे अनुभव. इथं 'बी', म्हणजे वर्तनाचा भाग येतो. माझ्या मते तोच निम्म्याहून जास्त औषध आहे, आणि आपल्याकडं नेमका तोच गाळला जातो. 'सीबीटी केली, फरक पडला नाही' असं सांगणाऱ्यांना मी एकच विचारते: दवाखान्याच्या बाहेर काय करायला लावलं होतं? बहुतेकांचं उत्तर असतं, काहीच नाही, बोलायचो.

प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. माझ्याकडं अशा माणसाची तिसरी-चौथी बैठक असेल तर टेबलावर शहाळ्याच्या दुकानातली बारीक नळी असते. नाक चिमटीत धरायचं आणि एक मिनिट फक्त त्या नळीतून श्वास घ्यायचा. त्याआधी कागदावर लिहायचं: काय होईल? किती खात्री? उदगीरकडचे एक किराणा दुकानदार होते, त्यांनी लिहिलं, 'श्वास बंद पडेल, ८० टक्के.' वीस सेकंदांत त्यांनी नळी टाकली, उठून दाराकडं गेले. मी काही बोलले नाही, घड्याळ दाखवलं. परत आले, दुसऱ्यांदा चाळीस सेकंद. तिसऱ्यांदा पूर्ण मिनिट. घाम आलेला, डोळ्यात पाणी. मग नळी बोटात फिरवत म्हणाले, 'मॅडम, हे तं बसमधल्यासारखंच होतंय सगळं. पण मला माहीत हाय हे नळीनं झालंय.' त्या वाक्यासाठी मी सगळा खटाटोप करते. संवेदना तीच, अर्थ बदलला, म्हणून भीती टिकली नाही. कागदावर 'खरंच काय झालं' या रकान्यात त्यांनी लिहिलं: घसा कोरडा पडला.

(हा प्रयोग घरी वाचून करू नका. तुमच्या तपासण्या झाल्या आहेत हे चांगलं, पण दमा, फिट, हृदयविकार, गरोदरपण असेल तर हे व्यायाम वेगळे किंवा अजिबात नाहीत, ते समोरचा माणूस ठरवतो. आणि पुढं कधी नव्या प्रकारचं दुखलं, चालताना छाती भरून आली, कळ हातात-जबड्यात गेली, तर 'पॅनिकच असेल' म्हणून घरी बसायचं नाही. सरळ दवाखाना.)

नंतर खरा मुक्काम, एसटी. तुमच्यासाठी पायऱ्या मी अशा लावल्या असत्या: दोन-तीन दिवस नुसतं परभणीच्या बसस्टँडवर वीस मिनिटं बसायचं, गाडीत चढायचं नाही. मग झरीपर्यंतचं तिकीट, दुपारची रिकामी गाडी. मग बोरी. मग जिंतूर. मग सकाळची भरलेली गाडी, मधली सीट, खिडकी नाही. प्रत्येक वेळी आधी भाकीत, नंतर निकाल. घाबरं झालं तर मधेच उतरायचं नाही. अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो आणि उतरायला लागतो. मधे उतरलात तर तो आपोआप उतरतो हे तुम्हाला कधी कळतच नाही, मन श्रेय देतं उतरण्याला.

खिशातल्या गोष्टींचंही तसंच. तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैज लावते की तुमच्याकडं पाण्याची बाटली असते, मोबाइलवर डॉक्टरांचा नंबर वरती असतो, आणि शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी) किंवा एखादी अर्धी झोपेची गोळी. मोटारसायकलवर मागं बसणारा माणूस हीसुद्धा एक बाटलीच आहे. या सगळ्याला आम्ही 'सुरक्षेच्या काठ्या' म्हणतो. काठी हातात असेपर्यंत पाय धड आहेत की नाही हे कळत नाही. त्या एकेक करून बाजूला ठेवायच्या असतात, पण कोणती कधी, हे ठरवून. डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेली गोळी या यादीत धरू नका, ती मनानं बंद करायची नाही. गोळी आणि सीबीटी दोन्ही एकत्र चालतात. फक्त 'वाटलं तर घ्या' प्रकारची गोळी प्रयोगाच्या आड येते, ते तुमच्या डॉक्टरांशी आणि थेरपिस्टशी दोघांशी बोला.

विचारांच्या बाजूचं काम लोकांना सोपं वाटतं, पण तिथंच मी सुरुवातीला सगळ्यात जास्त चुकले. प्रशिक्षणात आम्हाला विचारांतल्या ठरावीक चुकांची यादी शिकवतात. ती इंग्रजीत फार भारदस्त वाटते, आपल्याकडं ती आजीकडंच होती. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, ही एक चूक. राईचा पर्वत, ही दुसरी. दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकणं, ही तिसरी: एका बसमध्ये झालं म्हणून सगळ्या बस बंद. या म्हणी मी वहीवरच लिहून देते, लोक पटकन पकडतात. आता माझी चूक. नांदेडला असताना एक शेतकरी आले होते, झोप नाही, भूक नाही, 'आता काही राहिलं नाही' असं म्हणत होते. मी नवी होते. मी त्यांचा विचार तपासायला घेतला: काहीच राहिलं नाही, याला पुरावा काय? त्यांनी पिशवीतून बँकेची नोटीस काढून टेबलावर ठेवली. 'हा घ्या पुरावा.' त्या वर्षी सोयाबीन काढणीच्या वेळी पावसात गेलेलं.

तेव्हापासून मी प्रत्येक शिकाऊ मुलीला सांगते, सगळे विचार खोटे नसतात. कर्ज खरं असतं. 'मी कर्जात आहे' हा हिशोब झाला, त्याला धक्का लावायचा नाही, तिथं नोटिशीचं उत्तर कोण लिहून देईल, तलाठ्याकडं काय काम आहे, पोराच्या फीचं काय, हे एकेक सोडवायला बसायचं. 'म्हणून मी जगायच्या लायकीचा नाही' हा हिशोब नाही, तो अर्थ आहे, तिथं सीबीटीचं काम. हा फरक ज्याला कळत नाही तो थेरपिस्ट दुःखात असलेल्या माणसाचा अपमान करतो. मी केला होता. ते गृहस्थ तरीही पुढच्या आठवड्यात आले, हा त्यांचा मोठेपणा.

कुणाला जगणंच नको वाटत असेल तर हा वरचा वह्या-रकान्यांचा कारभार थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे, मराठीत बोलता येतं. पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात, तेही आता जुनं झालं. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे, त्यात आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरतात. तसंच भास होणं, संशय, अतिउत्साहात रात्र-रात्र न झोपणं अशा आजारांत सीबीटी पहिलं औषध नाही, गोळ्या आधी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माणूस कुठं शोधायचा. खरं सांगायचं तर इथं मराठवाड्याची बाजू पडकी आहे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, आपल्या वाट्याला त्यातलं एकही नाही. पण तुम्हाला मनोरुग्णालय लागतच नाही, तुम्हाला आठवड्यातून एक तास देणारा शिकलेला माणूस लागतो. सरकारीत बघायचं तर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण महाविद्यालय, लातूरचं विलासराव देशमुख महाविद्यालय, या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं. पद असतं म्हणजे माणूस असतोच असं नाही, हे जिल्हा परिषदेतल्या माणसाला मी काय सांगावं. जायच्या आधी फोन करा आणि नेमका प्रश्न विचारा: 'सायकॉलॉजिस्ट आहेत का, कोणत्या वारी बसतात, आणि एका पेशंटला किती वेळ देतात?' सरकारी ओपीडीत गर्दी इतकी असते की कुणाची इच्छा असली तरी पाऊण तास निघत नाही. तपासणी आणि गोळी तिथं, थेरपी दुसरीकडं, असंही करता येतं. चालतं ते.

पाट्यांचा घोळ आधी सोडवू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, या पाट्यांपैकी गोळी तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे बहुतेक करून मानसशास्त्रात एमएनंतर रुग्णालयात राहून केलेलं दोन वर्षांचं एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी. त्या नोंदणीचा सीआरआर क्रमांक असतो, परिषदेच्या वेबसाइटवर नाव घालून बघता येतो. हे विचारायला लाजू नका, मला कोणी विचारलं तर मला बरं वाटतं. समुपदेशक हा शब्द मात्र कुणीही लावू शकतो. एमए करून पुढं नीट प्रशिक्षण घेतलेले, वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करणारे चांगले समुपदेशक मला माहीत आहेत, आणि पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून 'माइंड कोच' झालेलेही माहीत आहेत. लातूरला 'नीट' परीक्षेच्या मुलांच्या हॉस्टेलांच्या गल्लीत अशा पाट्या फार झाल्यात. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे, अक्षर बदलून स्वभाव बदलणारे, संमोहनानं 'मुळापासून' भीती काढणारे. पॅनिकसाठी यातलं काहीही लागत नाही.

मात्र डिग्रीलाच सगळं समजू नका. गोव्यात संगाथ या संस्थेनं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना तयार करून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचा एक उपचार दिला, त्याचे निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. चांगला फायदा दिसला. तो उपचार सीबीटीच्याच घरातला, वर्तनाच्या बाजूचा. पण त्या लोकांना ठरलेली पद्धत शिकवली होती आणि त्यांच्या बैठकांवर देखरेख होती, ही त्यातली गोम आहे. म्हणून माणूस निवडताना डिग्रीइतकंच 'काय करतो' हे बघायचं.

ते कसं कळणार? पहिल्या फोनवर सरळ विचारा: पॅनिकच्या पेशंटसोबत तुम्ही काय करता? 'मी त्यांना पॉझिटिव्ह विचार करायला शिकवतो' असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. 'भीती वाटते त्या गोष्टी टप्प्याटप्प्यानं करून बघतो, घरी करायला अभ्यास देतो, साधारण दहा-पंधरा बैठका लागतील, दर काही बैठकांनी फरक मोजू' अशा वळणाचं काही ऐकू आलं तर जा. तीन बैठकांत शंभर टक्के बरं करून दाखवतो म्हणणारा, आधीच मोठ्या पॅकेजचे पैसे मागणारा, डॉक्टर नसून गोळ्या बंद करा म्हणणारा, किंवा दुसऱ्या पेशंटची गोष्ट नावानिशी सांगणारा, यांच्यापासून लांब. शेवटचा तर सगळ्यात धोकादायक. परभणी म्हणजे काय पुणे नाही, उद्या तुमची गोष्ट तुमच्या केंद्रप्रमुखांच्या कानावर जाईल. तुमची माहिती गुप्त ठेवणं ही मेहेरबानी नाही, त्याच २०१७च्या कायद्यात तो तुमचा हक्क आहे.

पहिल्या बैठकीत फक्त माहिती घेतली तर निराश होऊ नका, पहिली तशीच असते. पण तिसऱ्या बैठकीनंतर घरी जाताना स्वतःला विचारा: या आठवड्यात मला काय करायचंय? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर पुढच्या वेळी थेरपिस्टला हेच बोलून दाखवा. चांगला माणूस रागावत नाही, वही ओढून घेतो.

अभ्यासाबद्दल एक मात्र सांगते, कारण शिक्षक लोक यात हमखास गडबड करतात. सुंदर अक्षरात आठवड्याचा तक्ता रविवारी रात्री एकदम भरून आणतात. तो काही उपयोगाचा नाही. औशाजवळच्या एका बाई होत्या, त्यांची वही म्हणजे कॅलेंडरची फाडलेली पानं, सासूच्या नजरेला पडू नये म्हणून पिठाच्या डब्यात ठेवलेली. प्रत्येक पानावर कणकेची बोटं. शुद्धलेखनाच्या नावानं शून्य, पण जे लिहिलं ते घडलं त्या घटकेला लिहिलेलं. अशा वहीतून काम होतं.

गावात कोणी मिळालंच नाही तर व्हिडिओवरून करा. पॅनिकसाठी ते चालतं, मी करते. अडचण रेंजची कमी आणि एकांताची जास्त असते. घरात भिंतीपलीकडं सगळे. माझा एक पेशंट दर गुरुवारी गाडी घेऊन शेतात लिंबाखाली लावतो आणि काचा वर करून बोलतो, उन्हाळ्यात मधेच दोन मिनिटं काच खाली. तुमच्या बाबतीत व्हिडिओचा एक जास्तीचा फायदा आहे, मोबाइल खिशात ठेवून, कानात वायर लावून थेरपिस्टला एखाद्या वेळी बसमध्येच सोबत घेता येतं. एकदाच बरं का. नाहीतर तीही काठी होईल.

पैशाचं सांगायचं तर जिल्हा रुग्णालयात काही लागत नाही. खाजगीत एका बैठकीला काहीशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत घेतात, पुण्याचा माणूस ऑनलाइन घेतला तर जास्त. पहिल्याच दिवशी विचारा, आणि झेपत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा यायला परवानगी मागा. मधल्या काळात अभ्यास दुप्पट करायचा. अर्धवट सोडण्यापेक्षा हे बरं. सहाव्या बैठकीला 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडणारे पुष्कळ असतात, त्यातले काही सोयाबीनच्या पुढच्या हंगामाला परत येतात.

आईंचं. 'बाहेरचं' बघायला त्या म्हणतात त्यावर वाद घालू नका. त्यांना तुमची भीती दिसते आणि त्यांच्याकडं तिला तेवढंच नाव आहे. खंडोबाला नारळ फोडायचा तर फोडा, मी कुणाला अडवलं नाही. फक्त अंगारा, दोरा, गंडा खिशात ठेवून बसमध्ये बसायचं नाही. तो देवाचा अपमान म्हणून नाही, तर वर सांगितलं त्या कारणानं. पैसे, उपास किंवा मारझोड असलं काही सांगणारा कोणी असेल तर मात्र तिथं पाऊल टाकायचं नाही.

आणि मंडळींना सोबत न्यायचं का? पहिल्या बैठकीला नाही, दुसरीला किंवा तिसरीला न्या. पहिली तुमची एकट्याची असू द्या, सहकारी गेले त्याबद्दल तुम्ही कुणाजवळ बोलला नसाल असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. आणि तिथं जाताना मोटारसायकलवर त्यांना मागं बसवून गेलात तरी चालेल, त्या दिवशी तेवढी काठी माफ. मंडळींना थेरपिस्टकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, 'मन खंबीर ठेवा' हे वाक्य घरातून रजेवर पाठवायचं. दुसरी अवघड आहे. तुम्ही पहिल्यांदा एकटे झरीचं तिकीट काढून बसाल तेव्हा त्यांनी फोन करून 'पोचलात का, बरं आहे ना' असं विचारायचं नाही. तुम्हीही बसमधून करायचा नाही. घरी आल्यावर त्यांनी फक्त कागद मागायचा, भाकीत काय लिहिलं होतं आणि झालं काय.